पंखा फिरला की बिल सुरू: सात महिन्यांचा हेलिकॉप्टरचा अनुभव

मागच्या ऑक्टोबरपासून लाइन पेट्रोलिंगसाठी, म्हणजे विजेच्या उच्चदाब तारा वरून तपासायला, आम्ही नागपुरातल्याच एका घरगुती कंपनीचं हेलिकॉप्टर घेतोय. वडील, दोन मुलं आणि हिशेबाला सून. त्यांचं हेलिकॉप्टर बेल ४०७, ते कसं आहे हे या कामातल्यांना सांगायला नको. लिहायला बसलो ते मार्चच्या बिलामुळे.

दर तासाला लाखाच्या वर, त्यावर १८ टक्के जीएसटी. पण तास मोजायचा कुठून? मी धरून चाललो होतो, स्किड (हेलिकॉप्टरखालच्या दांड्या) जमिनीवरून सुटले की सुरू, टेकले की बंद. यांचं बिल मात्र पंखा फिरायला लागल्यापासून तो थांबेपर्यंत. मग मी मागच्या सीटवर घड्याळ आणि वही घेऊन बसायला लागलो. स्टार्टपासून उचलेपर्यंत पाच मिनिटं. उतरल्यावर इंजिन दोन मिनिटं आयडलवर, म्हणजे अगदी मंद, चालू ठेवावंच लागतं, कारण तापलेलं टर्बाइन एकदम बंद केलं तर बेअरिंगमधलं तेल करपतं. फेरीमागे झाली सात मिनिटं. ड्रममधून इंधन भरताना ते पंखा पूर्ण थांबवतात, म्हणून दिवसाला तीन स्टार्ट. मार्चच्या अकरा दिवसांची बेरीज ३ तास ५१ मिनिटं, सगळी जमिनीवरची. एवढ्या पैशात माझी पायी पेट्रोलिंगची टोळी कितीतरी दिवस चालली असती.

फोन केला. हिशेब बघणाऱ्या सूनताईंनी शांतपणे डीजीसीएची (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाची) व्याख्या वाचून दाखवली. हेलिकॉप्टरचा फ्लाइट टाइम पंखा फिरण्यापासूनच धरतात, हे खरं आहे. पण मेंटेनन्सचे तास तर हवेतलेच मोजतात ना? स्वतःच्या मशीनचं वय मोजताना एक घड्याळ आणि माझं बिल करताना दुसरं, हे मला पटत नाही. काका, म्हणजे त्यांचे सासरे, एवढंच म्हणाले, "भाऊ, तुमचं चूक नाही. पण पंखा फिरते तवा रॉकेल माझंच जळते."

तेव्हा मी दुसरीकडे दर विचारायला लागलो होतो. एप्रिलमध्ये मत बदललं, सगळं नाही, बरंचसं.

त्या दिवशी ४४ डिग्री. कोराडीकडच्या ४०० केव्ही लाइनचं सकाळचं काम लांबलं आणि क्लायंटचे इंजिनिअर म्हणाले, दुपारी मीही बसतो. काकांनी विटांवर फरशी ठेवून वजनकाटा मांडला, माणसं तोलली, कॅमेऱ्याची पेटी तोलली, पाण्याच्या बाटल्यासुद्धा. पेन्सिलनं तक्त्यावर रेघ ओढून मला दाखवली. नागपूरची उंची ३१० मीटर, पण त्या उन्हात हवा इतकी पातळ की मशीनला आपण पावणेपाच हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं. तारांशेजारी हॉवर करायला, म्हणजे हवेत एका जागी थांबायला, हाताशी ताकद शिल्लक हवी. "दुपारी उडत नाही," म्हणाले. इंजिनिअर तापले, मीही तापलो. काका हलले नाहीत. दुपारच्या फेरीचा एक रुपया लावला नाही. दुसऱ्या दिवशी सहा वाजता निघालो आणि टेन्शन टॉवरच्या (जिथे तारा ताणून बांधतात) एका जंपरचा, म्हणजे दोन्हीकडच्या तारा जोडणाऱ्या तुकड्याचा, जॉइंट थर्मल कॅमेऱ्यात पांढराफटक, म्हणजे तापलेला, दिसला. चढत्या उन्हात तो इतका स्वच्छ वेगळा दिसला नसता.

कंपनी मी बदलणार नाही. पण सात मिनिटांचं माझं म्हणणं कायम आहे. पुढच्या सीझनच्या करारात मी लिहून मागितलंय, दिवसाचा पहिला स्टार्ट माझा, इंधनासाठीचे पुढचे दोन त्यांचे. ताई म्हणाल्या, सासऱ्यांना विचारून सांगते.