असेंद्रिय रसायनशास्त्राचे डेटाबेस आणि हँडबुकं: काही महिन्यांच्या वापरानंतर

असेंद्रिय संयुगाचा आकडा चटकन सापडतो. तो नेमका कशाचा, हे ठरवण्यातच खरा वेळ जातो. कोणतं हायड्रेट (स्फटिकात पाण्याचे रेणू धरलेलं रूप), कोणती प्रावस्था (घन, द्रव, वायू किंवा घनाचं वेगळं स्फटिकरूप), किती तापमान? हे न विचारताच सांगणारा स्रोत चांगला, या एकाच कसोटीवर हा अनुभव लिहिला आहे.

सुरुवात पबकेम या रसायनांच्या ऑनलाइन साठ्यापासून. मोफत आणि जलद, पण नावाने शोधू नका, बाटलीवरच्या सीएएस क्रमांकाने (प्रत्येक पदार्थाला दिलेला ओळख क्रमांक) शोधा. निर्जल कॉपर सल्फेटचा क्रमांक ७७५८-९८-७, पाण्याचे पाच रेणू असलेल्या पेंटाहायड्रेटचा ७७५८-९९-८. एक लिटर ०.१ मोलर द्रावणाला पहिलं १५.९६ ग्रॅम लागतं, दुसरं २४.९७ ग्रॅम. नोंद चुकीची उघडली तर द्रावणाची तीव्रता तिथेच बिघडते. आणि घन ऑक्साइडचं तिथलं सुट्या आयनांचं चित्र म्हणजे स्फटिकरचना नव्हे.

सीआरसी हँडबुक हे रसायन आणि भौतिकशास्त्राच्या आकड्यांचं संदर्भपुस्तक १९१३ पासून निघतं आणि आजही हाताशी असावं असंच आहे. मात्र विद्राव्यता तिथे दोन ठिकाणी, दोन वेगळ्या मापांत दिलेली असते. भौतिक स्थिरांकांच्या मोठ्या सारणीत १०० ग्रॅम पाण्यामागे ग्रॅम, तर तापमानानुसार दिलेल्या सारणीत द्रावणातलं वस्तुमानाचं टक्केवारी प्रमाण. २५ अंश सेल्सिअसला मीठ पहिल्या मापाने ३६ आणि दुसऱ्या मापाने सुमारे २६.५. दोन्ही बरोबर आहेत. रकान्याचा मथळा वाचला नाही तर पुनर्स्फटिकीकरणाचा हिशेब फसतो. द्रवणांकाच्या आकड्याशेजारी विघटनाची खूण आहे का, हेही बघायचं. हायड्रेटच्या बाबतीत तो आकडा बहुधा वितळण्याचा नसून पाणी सुटण्याचा असतो.

उष्मागतिकीसाठी निस्टचं (अमेरिकेच्या मानक संस्थेचं) वेबबुक आणि त्यामागच्या जानाफ या उष्मागतिकी सारण्या. शोमेट समीकरणात (तापमानावरून उष्माधारकता काढण्याचं सूत्र) तापमान केल्विनमध्ये थेट घालायचं नाही, १००० ने भागून घालायचं. सहगुणकांचा प्रत्येक संच ठरावीक तापमान-पट्ट्यापुरताच असतो. लोखंडासारख्या, घन अवस्थेतच रूप बदलणाऱ्या धातूला अनेक संच लागतात आणि एक संच पुढे ताणला की उष्माधारकता भलतीच येते. जुन्या पुस्तकातले आकडे मिसळताना प्रमाण दाब तपासा: जानाफमध्ये १ बार, जुन्या सारण्यांत १ अ‍ॅटमॉस्फिअर. त्यामुळे वायूची एन्ट्रॉपी १ बारला ०.१०९ जूल प्रति मोल केल्विन जास्त येते. फरक छोटा आहे, पण अनेक वायू असलेल्या अभिक्रियेत तो साचत जातो.

सगळ्यात जास्त काळजी स्फटिकरचनांची घ्यावी लागते. त्यांच्या साठ्यांपैकी आयसीएसडी सशुल्क आहे, सीओडी मोफत. एकाच संयुगाच्या अनेक नोंदी दिसतात. त्यांतून निवडताना आधी मोजणीचं तापमान आणि दाब, मग आर-मूल्य (रचना मोजणीशी किती जुळते याचं माप) बघतो. यापुढचा सापळा अक्षांचा. कॅल्शियम टायटनेट एका नोंदीत पीबीएनएम स्पेस ग्रुपमध्ये, म्हणजे सममितीच्या वर्गात (अक्षांच्या लांब्या ५.३८, ५.४४, ७.६४ अँगस्ट्रॉम), तर दुसरीत पीएनएमएमध्ये (५.४४, ७.६४, ५.३८) असतं. रचना तीच, स्पेस ग्रुप क्रमांकही तोच ६२, फक्त अक्षांची नावं फिरलेली. दोन नोंदींमधले मिलर निर्देशांक (स्फटिकातल्या प्रतलांचे क्रमांक) थेट ताडून बघितले तर क्ष-किरण आलेखातली शिखरं चुकीची ओळखली जातात. स्पिनेल या ऑक्साइडांच्या रचनेत आरंभबिंदूचे दोन पर्याय आहेत: चतुष्फलकी (चार ऑक्सिजनांनी वेढलेला) धातू एकात ०, ०, ० वर आणि दुसऱ्यात १/८, १/८, १/८ वर. जुन्या शोधनिबंधातून अणूंच्या जागांचे निर्देशांक हाताने भरताना पर्याय चुकला की बंधांच्या लांब्या अशक्य येतात. म्हणून रचना भरल्यावर पहिलं काम धातू-ऑक्सिजन अंतरं मोजण्याचं.

ती अंतरं पडताळायला शॅनन यांची १९७६ची आयनांच्या त्रिज्यांची सारणी अजून तोडीस तोड आहे. तिच्यात त्रिज्यांचे दोन रकाने आहेत आणि त्यांत ०.१४ अँगस्ट्रॉमचा फरक आहे; धन आयन एका रकान्यातून आणि ऑक्साइड दुसऱ्यातून घेतला की बेरीज चुकते. स्पिनही, म्हणजे धातूतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी, पाहावा लागतो: सहा शेजारी असलेल्या द्विसंयुजी लोहाची त्रिज्या उच्च स्पिनला ०.७८, नीच स्पिनला ०.६१.

मटेरियल्स प्रोजेक्ट हा गणिताने काढलेल्या आकड्यांचा साठा आहे, मोजलेल्या नव्हे. रुटाइलचा (टायटॅनियम डायऑक्साइडचं एक रूप) प्रयोगातला बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा) ३.० इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तिथल्या नेहमीच्या पद्धतीने तो बराच कमी येतो. त्याच पद्धतीने टायटॅनियम डायऑक्साइडचं दुसरं रूप अ‍ॅनाटेज रुटाइलपेक्षा स्थिर ठरतं, प्रत्यक्षात उलट आहे. नवं संयुग टिकेल का, याचा पहिला अंदाज घ्यायला मात्र हा साठा फार उपयोगी आहे.

संयुगं बनवण्याच्या कृतींसाठी इनऑर्गॅनिक सिंथेसिसची मालिका सर्वांत विश्वासाची, कारण तिथली कृती छापण्याआधी दुसऱ्या प्रयोगशाळेत करून पाहिलेली असते. जुन्या खंडांत बेंझीन सर्रास दिसतं. त्याऐवजी टोल्युईन घेताना उत्कलनांक ८० वरून ११०.६ अंशांवर जातो हे ध्यानात ठेवा. रिफ्लक्स (उकळत ठेवून वाफ थंड करून परत आणणं) करण्याऐवजी तेलाच्या बाथवर तापमान ८० च्या आसपास रोखून धरा, नाहीतर उष्णतेला नाजूक संकुलं विघटित होतात.