अपाचे ग्वाकामोली: नौपाड्याच्या ऑफिसात एक पावसाळा वापरून

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका सीए फर्ममध्ये कॉम्प्युटरचं सगळं मी बघतो. म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागदही मीच काढतो. माणसं सात, त्यातली तिघं डोंबिवली-बदलापूरची. पावसात गाड्या थांबल्या की टॅली ठाण्यात आणि माणसं घरात.

आधीच्या व्हेंडरने यावर 'सोय' करून ठेवली होती: राउटरवर 3389 पोर्ट, म्हणजे विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपची (आरडीपी, दुरून पीसी चालवायची सोय) वाट, सरळ इंटरनेटवर उघडी. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला तर फसलेल्या लॉगिनची (नोंद क्रमांक 4625) रांगच रांग, तीही रात्री तीन वाजता. आमचं कुणी तीनला रिटर्न भरत नाही. त्याच संध्याकाळी तो पोर्ट बंद केला.

त्याच्या जागी ग्वाकामोली बसवलं: ब्राउझरमधून दुरचा पीसी चालवायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि युजरच्या मशीनवर काहीही टाकावं लागत नाही. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की ऑफिसचा पीसी समोर. आरडीपीची बोलणी ऑफिसच्या आतल्या आत होतात. बाहेर फक्त 443, म्हणजे सुरक्षित वेबसाइटचा पोर्ट; पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट. फुकट म्हणालो खरा, पण पीसीवर विंडोज होम असेल तर तो आरडीपी घेतच नाही. दोन मशीनला प्रो घ्यावं लागलं, तेव्हा सरांचा चेहरा बघण्यासारखा होता.

बसवताना माझे दोन शनिवार गेले. एक तर निव्वळ टॉमकॅट 10 मुळे (ग्वाकामोली ज्यावर चालतं तो सर्व्हर): ग्वाकामोलीच्या 1.5 आवृत्तीचं पान काही केल्या उघडेना, टॉमकॅट 9 वर टाकलं आणि लगेच चाललं. पहिल्या लॉगिनचं नाव-पासवर्ड दोन्ही 'ग्वाकअ‍ॅडमिन' असतं. जगाला ठाऊक असलेलं ते खातं आधी उडवा, मग चहा प्या.

ओटीपीचं एक्स्टेन्शन मी सगळ्यांना सक्तीचं केलं. सहा जणांचं पाच मिनिटांत जमलं, आमच्या अकाउंटंट काकांचा कोड मात्र दर वेळी चूक. दोनदा क्यूआर नव्याने दिला. शेवटी त्यांचा फोन हातात घेतला तर घड्याळ पाच मिनिटं पुढे! लोकल चुकू नये म्हणून मुद्दाम. हा कोड घड्याळावरून बनतो आणि दर 30 सेकंदांनी बदलतो, हे समजावलं. "मग सर्व्हरचं घड्याळ पुढे कर की," काका म्हणाले. शेवटी फोन ऑटोमॅटिक वेळेवर आणि मनगटावरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे, अशी तडजोड झाली.

प्रिंट घरच्या प्रिंटरवर थेट जात नाही, पीडीएफ डाउनलोड होते. चालतं. कॉपी-पेस्ट अडलं तर कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट दाबून बाजूचा मेनू उघडायचा, हे लिहून मी सगळ्यांना मॉनिटरवर चिकटवायला चिठ्ठ्या दिल्यात. फाइल ट्रान्सफर मी बंदच ठेवलंय. क्लायंटचे कागद घरच्या लॅपटॉपवर नकोत.

खरी चिडचिड कीबोर्डची. टॅलीत कंट्रोल-एन म्हणजे कॅल्क्युलेटर, पण क्रोम ती की स्वतःकडेच ठेवतं आणि नवी खिडकी उघडतं. कंट्रोल-डब्ल्यू चुकून दाबलं तर टॅबच बंद. तरी बरं, पीसीवरचं सेशन तसंच राहतं, परत लॉगिन केलं की अर्धवट व्हाउचर समोर.

पाचपैकी चार. काकांनी कपाटातला जुना, मोठ्या बटणांचा कॅल्क्युलेटर घरी नेलाय.