फरशीच्या सांध्यांतला मळ: कोणता उपाय कधी निवडावा?

टाइल पुसली की लखलखते आणि सांधे मात्र काळेच राहतात, याचे कारण सांध्यांत भरलेल्या ग्राउटमध्ये आहे. नेहमीचे ग्राउट सिमेंटचे असते, म्हणजेच सच्छिद्र असते. शिवाय ते टाइलच्या पातळीपेक्षा किंचित खाली असल्यामुळे फरशी पुसतानाचे गढूळ पाणी तिथेच साचते, मुरते आणि वाळते. म्हणून कोणते द्रावण जास्त जहाल आहे यापेक्षा मळ कोणत्या जातीचा आहे, हा प्रश्न आधी सोडवावा. स्वयंपाकघरातला चिकट थर, न्हाणीघरातले बुरशीचे काळे ठिपके आणि पाण्यातल्या क्षारांचा पांढुरका थर या तिन्हींवर एकच उपाय चालत नाही.

मळ वरवरचा असेल तर खाण्याच्या सोड्याची दाटसर पेस्ट आणि नायलॉनचा ताठ ब्रश पुरेसा होतो. सोडा येथे मुख्यतः घासण्याचे काम करतो. तो इतका सौम्य आहे की जुना, मुरलेला चिकटा त्याने सुटत नाही. पुष्कळदा त्यावर व्हिनेगर ओतण्याचा सल्ला दिला जातो. फेस भरपूर येतो, परंतु आम्ल आणि सोडा एकमेकांना निष्प्रभ करतात आणि मागे उरते ते जवळजवळ साधे खारट पाणी, त्यामुळे दोन्हींचा उपयोग वाया जातो.

मुरलेल्या मळासाठी माझी पहिली पसंती सोडियम परकार्बोनेटला, म्हणजे ऑक्सिजन ब्लीचच्या पावडरीला आहे. गरम पाण्यात ती विरघळली की हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा तयार होतो; पहिला डागाचा रंग काढतो, दुसरा तेलकटपणा सोडवतो. घाई मात्र करू नये. द्रावण सांध्यांवर ओतून दहा-पंधरा मिनिटे ओलेच राहू द्यावे, मग घासावे आणि सुटलेले काळे पाणी फडक्याने लगेच टिपून घ्यावे, कारण ते तसेच सोडले तर वाळताना पुन्हा त्याच छिद्रांत शिरते. हे टिपणेच बहुतेक जण वगळतात आणि दोष पावडरीला देतात. द्रावण दरवेळी ताजे करावे. बंद बाटलीत ठेवल्यास सुटणाऱ्या वायूच्या दाबाने बाटली फुटू शकते.

क्लोरीनचे ब्लीच बुरशीवर प्रभावी आहे, पण चिकटा ते काढत नाही. अशा ठिकाणी डागाचा रंग तेवढा उडतो आणि मळ जागीच राहतो. रंगीत ग्राउट त्याने फिके पडू शकते. ते आम्लात किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निर्माण होतात.

सर्वांत मोठी फसगत आम्लाच्या बाबतीत होते. हायड्रोक्लोरिक आम्ल असलेला टॉयलेट क्लीनर ओतताच सांधे पांढरे दिसतात, म्हणून तो उपाय गुणकारी वाटतो. प्रत्यक्षात सिमेंटमधल्या कॅल्शियमच्या संयुगांवर आम्लाची क्रिया होऊन ग्राउटचा वरचा थरच मळासकट निघून जातो. उरलेला पृष्ठभाग अधिक खडबडीत आणि सच्छिद्र असल्याने पुढचा मळ लवकर धरतो, आणि हाच प्रकार वारंवार केला की सांधे खोल जाऊन भुसभुशीत होतात. व्हिनेगरचेही काम याच दिशेने, फक्त हळू चालते. क्षारांच्या पांढऱ्या थरासाठी मात्र आम्लाला पर्याय कमी आहे. तेव्हा सल्फॅमिक आम्लाचे सौम्य द्रावण वापरावे, सांधे आधी पाण्याने भिजवून घ्यावेत म्हणजे आम्ल आत मुरत नाही, आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावेत. संगमरवर किंवा चुनखडीचा दगड असेल तर हा मार्ग सोडूनच द्यावा.

वाफेचे यंत्र रसायनाविना चिकटा सोडवते; ग्राउटला भेगा असतील तर ते टाळावे.

एवढे करूनही ओलसर सांधा स्वच्छ आणि वाळल्यावर डागाळलेला दिसत असेल, तर डाग खोलवर गेला आहे आणि आणखी घासण्यात अर्थ नाही. ग्राउट घट्ट असेल तर त्यावर ग्राउटचा रंग चढवणे कमी कष्टाचे आहे. ते नखाने खरवडल्यावर भुकटी होऊन निघत असेल तर रंगही टिकणार नाही. जुने खरवडून काढून नवे भरावे. नव्याने भरताना इपॉक्सी ग्राउटचा, म्हणजे सिमेंटऐवजी कृत्रिम राळेपासून बनवलेल्या ग्राउटचा, विचार जरूर करावा, कारण ते जवळजवळ पाणी शोषत नाही. ते महाग असते आणि लवकर घट्ट होत असल्याने सरावाच्या कारागिराकडूनच भरून घेणे बरे. सिमेंटचेच ठेवायचे असल्यास सांधे पूर्ण वाळल्यावर आत मुरणारे सीलर, म्हणजे छिद्रांत पाणी शिरू न देणारे द्रावण, लावावे. सांध्यावर पाण्याचा थेंब टाकल्यावर तो लगेच शोषला जाऊन तिथला रंग गडद झाला, तर सीलर पुन्हा लावण्याची वेळ आली आहे असे समजावे.