डॉक्टरची नोंदणी तपासायची ऑनलाइन सोय: गावात कितपत कामाची?

महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर डॉक्टरची नोंदणी फुकट तपासता येते. रेंज असली तर पाच मिनिटांचं काम. तालुक्याला नवा दवाखाना उघडला की पहिल्या खेपेआधी हे करावंच. पण या सोयीवर पूर्ण भिस्त ठेवू नये.

शोध नावाने घेऊ नका, क्रमांकाने घ्या. वानखेडे की वानखडे, इंग्रजीत स्पेलिंग एका अक्षराने चुकलं की नाव सापडत नाही. लग्नानंतर आडनाव बदललेल्या डॉक्टरबाईंचंही तेच. नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर आणि दवाखान्यात असायलाच हवा, तसा नियम आहे. नाव व पदवी पाटीवरच्या मजकुराशी जुळवा, मग नूतनीकरण पाहा. ते दर ५ वर्षांनी करावं लागतं.

खरी गल्लत पुढे होते. ही यादी एमबीबीएस आणि त्यावरच्या डॉक्टरांची आहे. आपल्याकडे गावोगावचे बरेच दवाखाने बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी) डॉक्टर चालवतात, त्यांच्या परिषदा वेगळ्या. म्हणून इथे नाव नाही म्हणजे डॉक्टर बोगस, असं गावभर सांगत सुटू नये. आधी पदवी विचारा, मग त्या परिषदेकडे पाहा. क्रमांक कुठेच सापडला नाही, तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवा.

यादी डॉक्टरची पदवी सांगते, हात सांगत नाही. तो दवाखान्यात बसून पाहावा लागतो. लेकराला औषध लिहिण्याआधी वजन घेतलं का? बीपीचा पट्टा दंडाला बांधला की नुसतंच ‘वाढलाय’ म्हटलं? तापात मलेरिया-डेंग्यूची तपासणी सांगितली का? चिठ्ठीत औषधाचं नाव, मात्रा आणि किती दिवस, हे वाचता येतं का?

सगळ्यात जपायचं ते कागदाच्या पुडीतल्या बिननावाच्या गोळ्यांपासून. गुडघेदुखीला अशा पुडीने दोन दिवसांत आराम पडला, तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. महिनोन्महिने घेतलं तर चेहरा सुजतो, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात. मनानेच एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. अशा वेळी पुडी सोबत घेऊन मोठ्या दवाखान्यात जा.

सलाइनचंही तसंच. आल्या-आल्या ‘अशक्तपणा आहे, एक बाटली लावू’ म्हणणारा डॉक्टर आपल्याकडे फार आवडतो, आणि हे बदलायला हवं. ५०० मिलीच्या साध्या सलाइनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी असतं, ताकदीचं काही नाही. उलट्या थांबत नसतील, शुद्ध हरपली असेल, तेव्हा ती जीव वाचवते. साध्या जुलाबात १ लिटर पाण्यात ओआरएसचं १ पाकीट पुरतं. हे समजावून परत पाठवणारा डॉक्टर धरून ठेवावा.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडच्यांनी आणखी एक पाहावं. लेकराचे सांधे वारंवार दुखतात, रक्त कमी आहे, आणि डॉक्टर दर खेपेला दुखण्याची सुईच देतो, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं नाव काढत नाही, तर डॉक्टर बदला. त्याची पहिली तपासणी, सॉल्युबिलिटी, प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. पण ती पॉझिटिव्ह आली तरी मूल नुसतं वाहक (स्वतः आजारी नाही, पण पुढच्या पिढीला दोष देऊ शकतं) आहे की रुग्ण, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ताची पुढची तपासणी लागते. तो रिपोर्ट जपून ठेवा, पुढे लग्न जुळवतानाही लागतो.

साप चावला किंवा फवारणीत विषबाधा झाली, तर कोणतीच यादी उघडत बसू नका. थेट १०८ लावा. सापाच्या विषावरचं इंजेक्शन (प्रतिविष) जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आहे का, हे मात्र पावसाळ्याआधीच विचारून ठेवा.