ट्रॅम्पोलिन अगाशीत आणायचं की मुलांना ट्रॅम्पोलिन पार्कात न्यायचं?

मे महिन्याचं वेकेशन लागलं की बडोद्यात घरोघरी हा विषय निघतोच, एकदाच पैसे घालून अगाशीत, म्हणजे गच्चीवर, ट्रॅम्पोलिन (स्प्रिंगांवर ताणलेली उड्या मारायची मॅट) आणावं की दर रविवारी ट्रॅम्पोलिन पार्कची तिकिटं काढत बसावं. पैशांचा हिशोब तुम्ही कराल, मी फक्त दुखापतीचं बोलते, कारण दुकानवाला त्यावर गप्प बसतो आणि पार्कवाला आधीच फॉर्मवर सही घेऊन मोकळा होतो.

आधी घरचं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना १९९९ पासून सांगतेय की घरी ट्रॅम्पोलिन नको, २०१२ मध्ये परत तेच सांगितलं. आपण म्हणतो जाळी आहे ना, बाहेर कुठे पडणारे, पण बहुतेक दुखापती आतच होतात, मॅटवर, आणि ७५ टक्क्यांच्या आसपास तर एकापेक्षा जास्त जण एकदम उड्या मारत असताना. मार खातं ते सगळ्यात छोटं, मोठ्या मुलांच्या मानाने १४ पटीपर्यंत धोका. होतं काय, की मोठा दादा धपकन आपटतो, मॅट खाली जाऊन जोरात वर येते, आणि नेमके तेव्हाच छोटीचे पाय खाली येत असले तर सगळा दणका गुडघ्याखालच्या हाडाला बसतो, ती पडत पण नाही आणि हाड मोडतं. अडीच-तीन-चार वर्षांच्या पोरांत हे इतकं दिसतं की डॉक्टर त्याला ट्रॅम्पोलिन फ्रॅक्चरच म्हणतात. सूज थोडीशीच असते, पहिल्या एक्सरेत कधीकधी नीट दिसतही नाही, फक्त मूल पाय टेकवायला तयार नसतं, तेव्हा मुरगळला असेल म्हणून तेल चोळत बसू नका.

आणि समोर बसून लक्ष ठेवू म्हणाल तर मोठं माणूस हजर असताना झालेल्या दुखापतीही तिसरा हिस्सा ते निम्म्या निघाल्यात. शिवाय आपलं ऊन! जाळी आणि स्प्रिंगवरची गादी उन्हाने कुजते, पावसाळ्यात स्प्रिंगा गंजतात, आणि अगाशीचा कठडा किती उंच असतो ते उत्तरायणात पतंग उडवताना आपण बघतोच. अगाशीत तर मी साफ नाहीच म्हणीन. खाली बंगल्याचं सपाट अंगण असेल तर निदान बोलता येईल, पण शेजारची चार पोरं शिडी चढून येणार, त्यांना नाही कोण म्हणणार?

आता पार्क. तिथे माणूस असतो, मोज्यांना खाली ग्रिप असते, गाद्या जाड असतात, म्हणून सेफ वाटतं. अमेरिकेत पार्कातल्या दुखापतींमुळे इमर्जन्सीत आलेल्यांचा अंदाजे आकडा २०१० मध्ये ५८१ होता, २०१४ मध्ये ६,९३२. पार्कच वाढले हे खरं, पण या मुलांत सांधा निखळणं आणि भरती करावं लागणं घरच्यापेक्षा जास्त दिसलं. मॅट एकमेकींना जोडलेल्या, शेजारचा उडाला की तुमची पण हलते. फोमच्या खड्ड्यात डोक्याकडून उडी तर नाहीच, फोम दबून पातळ झाला असेल तर मान खाली लागते. कोलांट्या दोन्हीकडे बंद, मानेच्या गंभीर दुखापती बऱ्याचदा त्यातून येतात.

माझं मत, मोठं मूल आठ-नऊचं असेल तर पार्क, तेही रविवारी नाही, मधल्या वारी सकाळी, एका मॅटवर एक जण. सहाच्या खालच्यांना दोन्ही नको, छोट्यांचा वेगळा कोपरा असला तरी, आणि दादा जातो म्हणून छोटीला पण न्यायचं असलं तर त्या दिवशी सगळ्यांनीच साध्या बागेत, कमाटीबागेत जायचं.

उड्याच मारायच्यात तर दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाममंदिरात मल्लखांबाचं विचारून बघा, खांबावर एका वेळी एकच पोर चढतं आणि शिकवणारा बाजूला उभा असतो. तिथे पण पोरं पडतात हं, पण दुसऱ्याच्या उडीने नाही पडत.