दिवाळीत घरी राहून प्राणी सांभाळणारी सेवा : निघण्याआधीच्या तीन भेटींचा अनुभव

कोथरूडमध्ये राहणाऱ्या एक ताई मालकांच्या अनुपस्थितीत त्यांच्याच घरी मुक्काम करून कुत्री-मांजरे सांभाळण्याचे काम करतात. त्या जाहिरात करत नाहीत आणि ओळखीतून आलेलीच कामे घेतात, त्यामुळे त्यांचे नाव येथे देत नाही. मात्र त्यांच्या कामाची पद्धत सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण असे काम दुसऱ्या कोणाकडे सोपवणाऱ्यालाही ती उपयोगी पडेल, आणि शेजारधर्म म्हणून कोणाचा प्राणी आठ दिवस सांभाळायची वेळ आलेल्यालाही.

आमच्याकडे दोन प्राणी आहेत. बंड्या हा आठ वर्षांचा गावठी कुत्रा फटाक्यांना अतिशय घाबरतो, आणि अकरा वर्षांच्या चिंगी या मांजरीला मधुमेह असल्यामुळे तिला दर बारा तासांनी इन्सुलिन द्यावे लागते. दिवाळीला रत्नागिरीस माहेरी जायचे होते, म्हणजे वसुबारसेच्या आदल्या दिवशी निघून भाऊबीज आटोपल्यावर परत यायचे, असे सात रात्रींचे काम होते. त्याआधीच्या वर्षी बंड्याला आम्ही शहराबाहेरच्या एका बोर्डिंगमध्ये ठेवले होते. तेथे कुत्र्याची जात आणि आगाऊ रक्कम या दोनच गोष्टी विचारण्यात आल्या. तो परत आला तेव्हा त्याच्या कानांत गोचिड्या होत्या, आणि काही दिवसांनी गोचीड तापाचे निदान होऊन डॉक्सिसायक्लिनचा अठ्ठावीस दिवसांचा कोर्स पूर्ण करावा लागला. तेव्हापासून प्राणी सांभाळणारी व्यक्ती आपल्याला काय सांगते यापेक्षा ती काय विचारते, याकडे मी लक्ष देऊ लागले.

या ताई पहिल्यांदा आल्या त्या आम्ही निघण्याच्या अठरा दिवस आधी. चपला बाहेर काढून त्या थेट फरशीवर बसल्या आणि बंड्याकडे न पाहता माझ्याशी बोलत राहिल्या. दहा-बारा मिनिटांनी तो आपण होऊन त्यांचा हात हुंगायला आला, तेव्हाही त्यांनी लगेच त्याच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. नंतर त्यांनी दोनशे पानी वही उघडली आणि जवळजवळ दीड तास प्रश्न विचारले. त्यांतले निम्मे प्रश्न मला कधी सुचलेही नसते. आम्ही बंड्याला कोणत्या शब्दांनी हाक मारतो, ‘बस’ म्हणतो की ‘खाली बस’, रस्त्यावरचे काही उचलले तर ‘टाक’ म्हणतो की ‘सोड’, हे सर्व त्यांनी आमच्याच शब्दांत उतरवून घेतले. फिरायला जायचे ठरेपर्यंत आम्ही घरात ‘राऊंड’ हा शब्द वापरतो, कारण ‘फिरायला’ ऐकले की तो दाराशी जाऊन उभा राहतो, ही बारीकशी गोष्टही त्या वहीत गेली.

खाण्याच्या बाबतीत मी सांगितले की सकाळी एक वाटी आणि संध्याकाळी एक वाटी. त्यांनी पिशवीतून छोटा वजनकाटा काढला आणि मला नेहमीसारखी वाटी भरायला सांगितली. ती ६२ ग्रॅम भरली. मग तीच वाटी माझ्या यजमानांनी भरली तेव्हा काट्यावर ८५ ग्रॅम आले. म्हणजे आठ वर्षे आम्ही दोघे एकाच कुत्र्याला दोन निरनिराळ्या मापांनी खायला घालत होतो. त्यानंतर ग्रॅममध्ये माप ठरले आणि वाटीवर मार्करने रेघ मारली गेली.

सर्वांत जास्त वेळ गेला तो इन्सुलिनवर, आणि या सेवेचे खरे मोल मला तेथेच कळले. फ्रिजच्या दारातली बाटली त्यांनी खिडकीजवळ नेऊन तिच्यावरचा आकडा वाचला. ती एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट असलेली होती आणि तिच्याबरोबरच्या सिरिंजला लाल टोपण होते, त्यामुळे जोडी बरोबर होती. पण त्याच खणात माझ्या सासऱ्यांच्या औषधांतली नारिंगी टोपणाच्या सिरिंजची जुनी पिशवीही पडली होती, आणि त्या सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी असतात. ४० ची बाटली त्या सिरिंजने त्याच आकड्यापर्यंत भरली तर मांजराला ठरलेल्या मात्रेचा दोन पंचमांश भागच मिळतो, आणि उलट १०० ची बाटली लाल टोपणाच्या सिरिंजने भरली तर मात्रा अडीचपट होऊन साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते. “ताई, ही पिशवी आजच घराबाहेर जाऊ द्या, रात्री झोपेत माझाही हात चुकू शकतो,” असे त्या म्हणाल्या. आमच्या घरात रोज इन्सुलिन दिले जात असूनही ही चूक होण्याची शक्यता कोणाच्या ध्यानात आली नव्हती.

दुसरी भेट त्यांनी मुद्दाम संध्याकाळी सात वाजता ठेवली, कारण ती चिंगीच्या इंजेक्शनची वेळ होती. माझ्या देखत त्यांनी स्वतः इंजेक्शन दिले. तिने खाल्ले नाही तर काय करायचे, हे त्यांनी आधी आमच्या डॉक्टरांना फोनवर विचारून लिहून घेतले होते: खाल्ल्याशिवाय पूर्ण मात्रा द्यायची नाही आणि दवाखान्यात कळवायचे. मांजर अशक्त दिसली किंवा झोकांड्या देऊ लागली तर हिरड्यांना मध चोळून तत्काळ डॉक्टर गाठायचे, म्हणून मधाची बाटली फ्रिजच्या वर, हाताशी ठेवण्यात आली. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साठून जीवावर बेतू शकते, त्यामुळे ‘रुसली असेल, खाईल उद्या’ असे मांजराच्या बाबतीत म्हणायचे नसते, हेही त्यांनी मला समजावून सांगितले.

बंड्याचा गळपट्टा त्यांनी दोन बोटे आत घालून तपासला आणि मग त्याला समोरून हलकेच ओढले, तेव्हा पट्टा कानांवरून सरळ निसटला. फटाक्याच्या आवाजाने बिथरलेला कुत्रा नेमका असाच मागे रेटा देतो. दुसऱ्याच दिवशी आम्ही छातीला बांधायचा हार्नेस आणला. गळ्यातल्या बिल्ल्यावर माझा मोबाइल नंबर होता, पण बंड्या हरवला तर मी असणार रत्नागिरीत, म्हणून त्यांनी त्यांच्या नंबरचा दुसरा बिल्ला करून घ्यायला लावला. लॅचची जादा किल्लीही त्यांनी त्याच वेळी लावून पाहिली. ती कुलपात जात होती, पण फिरत नव्हती, म्हणून नवी करावी लागली.

फराळाचा विषय त्यांनी स्वतःहून काढला. बेदाण्याने कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि कांदा-लसणाने कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट होतात. त्यामुळे लाडूवरचा बेदाणा किंवा लसणीचा चिवडा शेजारची मुले प्रेमाने भरवतात, तेव्हा त्यांना रागावण्यापेक्षा आधीच सांगून ठेवलेले बरे, असे त्यांचे म्हणणे होते. मजल्यावरच्या तिन्ही घरी मी त्यांच्याबरोबर जाऊन सांगून आले. दिवाळीच्या भेटीत पुष्पगुच्छ आला आणि त्यात लिली असली तर तो घरात घ्यायचा नाही, कारण लिलीच्या परागांनीसुद्धा मांजराची मूत्रपिंडे बंद पडतात, हेही वहीत गेले.

डॉक्टरांसाठी त्यांनी माझ्याकडून सहीचे पत्र घेतले, ज्यात माझा फोन न लागल्यास किती रकमेपर्यंतचे उपचार त्यांनी मान्य करावेत हे लिहिलेले होते. लक्ष्मीपूजन आणि पाडवा या दोन दिवशी आमचा दवाखाना बंद असणार हे त्यांनीच चौकशी करून काढले आणि रात्री उघडा असणारा दुसरा दवाखाना शोधून, तेथपर्यंत रिक्षाने किती वेळ लागतो हे स्वतः जाऊन पाहिले.

तिसरी भेट म्हणजे एका रात्रीची रंगीत तालीम होती. आम्ही वाकडला बहिणीकडे गेलो आणि त्या आमच्या घरी राहिल्या. चिंगी रात्री अकरापर्यंत पलंगाखालून बाहेर आली नाही, आणि खाणे किंचित कोमट करून पुढे सरकवल्यावरच खायला बसली. डॉक्टरांना विचारून त्या रात्रीचे इंजेक्शन त्यानंतर देण्यात आले. आम्ही गेल्यानंतर पहिल्या रात्री तसेच घडणार, हे त्यामुळे त्यांना माहीत झाले होते.

प्रत्यक्ष सात दिवसांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. लक्ष्मीपूजनाला त्यांनी बंड्याला उजेड असतानाच फिरवून आणले आणि संध्याकाळभर आतल्या खोलीत खिडक्या बंद करून, पंखा मोठा ठेवून त्याच्याजवळ बसून राहिल्या. पाडव्याला चिंगीने अर्धेच खाल्ले, तेव्हा ठरल्याप्रमाणे दवाखान्याच्या मोबाइलवर विचारूनच मात्रा कमी केली, आणि संध्याकाळपर्यंत ती पूर्ववत खाऊ लागली.

आता उणिवा. ही सेवा स्वस्त नाही. संध्याकाळी सहा ते सकाळी दहा मुक्काम आणि दुपारची एक फेरी यांचे एरवी दिवसाला १४०० रुपये होतात, दिवाळीत मात्र १८०० रुपये घेतात. पहिल्या दोन भेटींचे मिळून ५०० रुपये वेगळे आणि तालमीच्या रात्रीचे निम्मे पैसे. ज्यांच्याकडे एकच निरोगी कुत्रा आहे त्यांना हा खर्च जास्त वाटेल, आणि ते मला रास्त वाटते. दिवसातून दोनच संदेश येतात, सकाळी व रात्री, फोटोसह. मधल्या वेळी व्हिडिओ कॉल त्या करत नाहीत. पहिले दोन दिवस मला हे जड गेले. लिटर बॉक्समधली, म्हणजे चिंगीच्या शी-शूच्या पेटीतली, घाण बांधलेल्या पिशव्या मागच्या बाल्कनीत दोन दिवस राहिल्या होत्या, कारण सणामुळे कचरा उचलणारे आले नाहीत हे खरे असले तरी मला ते कळवायला हवे होते. एका वेळी त्या एकच घर घेतात, त्यामुळे गणपतीच्या तारखा त्यांच्याकडे जूनमध्येच भरतात.

परत आल्यावर त्यांनी वहीतली आमची पाने फाडून माझ्याकडे दिली. शेवटच्या पानावर त्यांच्या अक्षरात लिहिले होते की अंधार पडल्यावर बंड्या गेटच्या डाव्या हाताच्या गटाराच्या झाकणावरून जात नाही, वळसा घालतो, तर त्याला ओढू नये आणि त्याचे डोळे एकदा तपासून घ्यावेत. आम्ही ते तपासून घेतले, तेव्हा उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात निघाली. मे महिन्यातल्या पाच दिवसांसाठी त्यांना सांगून ठेवले आहे. चिंगीची मात्रा आता बदलली असल्याने त्या आधी पुन्हा एकदा संध्याकाळी सात वाजता येऊन जाणार आहेत.