पसंतिक्रम की दोन मते : आधी मागणी कशाची करावी?

2024 च्या लोकसभेला आमच्या मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा निकाल 48 मतांनी लागला. पहिल्या दोघांनाही साडेचार लाखांवर मते होती. तेव्हापासून जोगेश्वरीतल्या आमच्या वाचनालयाच्या अभ्यासगटात निवडणूक सुधारणेवर वाद चालू आहे. आता निवेदन द्यायचे ठरले आहे, आणि त्यात मागणी एकच असावी असा आग्रह आहे. ज्यांचे अजून ठरत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पसंतिक्रम मुंबईतल्या पदवीधरांना नवा नाही. विधान परिषदेच्या मतदानाला आपण केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या स्केचपेनने उमेदवारांपुढे 1, 2, 3 लिहितोच. पहिल्या पसंतीची निम्म्याहून जास्त मते कुणालाच नसली, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मते दुसऱ्या पसंतीच्या नावाकडे जातात. ऑस्ट्रेलियाने ही पद्धत कनिष्ठ सभागृहासाठी 1918 मध्येच कायद्यात आणली. मोठा फायदा असा, की आवडत्या अपक्षाला मत देताना ‘मत वाया जाईल’ ही धास्ती उरत नाही. अडचण यंत्राची आहे. आजच्या मतदानयंत्रावर एकच बटण दाबता येते, आणि कागदी मतपत्रिकांची मोजणी फार लांबते.

दोन मतांची पद्धत जर्मनीत आणि न्यूझीलंडमध्ये आहे. एक मत आपल्या भागातल्या उमेदवाराला, दुसरे पक्षाला. सभागृहातल्या एकूण जागा पक्षमतांच्या प्रमाणात वाटल्या जातात. न्यूझीलंडमध्ये 1978 आणि 1981 मध्ये कमी मते मिळालेला पक्षच जास्त जागा घेऊन सत्तेत राहिला. लोकांचा राग साचत गेला, 1993 च्या सार्वमतात जुनी पद्धत गेली आणि 1996 पासून नवी आली. आपल्याकडेही विधी आयोगाने 1999 च्या 170 व्या अहवालात लोकसभेच्या जागा पावपटीने वाढवून वाढीव जागा यादीपद्धतीने, म्हणजे पक्षांनी दिलेल्या नावांच्या यादीतून मतांच्या प्रमाणात, भराव्यात असे सुचवले होते.

माझा कल दुसऱ्या पद्धतीकडे आहे. 2014 मध्ये बहुजन समाज पक्षाला दोन कोटींवर मते मिळाली आणि जागा शून्य. त्याच निवडणुकीत भाजपला 31 टक्के मतांवर 282 जागा. 2024 च्या विधानसभेत काँग्रेस आणि शिंदे यांची शिवसेना, दोघांनाही साधारण 12.4 टक्के मते; जागा मात्र 16 आणि 57. आघाड्यांच्या जागावाटपामुळे ही तुलना सरळ नाही, हे मान्य. पण पसंतिक्रम आणला तरी एका मतदारसंघात एकच जण निवडून येणार, त्यामुळे ही तफावत त्याने मिटेलच असे नाही.

दोन मतांतही खाचखळगे आहेत, आणि निवेदनात ते झाकू नयेत. यादी पक्षश्रेष्ठी ठरवणार असतील तर तिकिटवाटपाचा आजचाच आजार वाढेल, म्हणून यादीतल्या नावांचा क्रम बदलण्याचा हक्क मतदाराला हवा. दुसरे म्हणजे किमान मतांची अट, म्हणजे त्याहून कमी मते मिळालेल्या पक्षाला यादीतून जागा न देण्याचा नियम. जर्मनीची 5 टक्क्यांची अट, तीन मतदारसंघ थेट जिंकणाऱ्या पक्षाला तिथे असलेली सूट न ठेवता, इथे देशभर लावली, तर 2024 चे आकडे काय सांगतात पाहा : 37 जागा जिंकलेला समाजवादी पक्ष 4.58 टक्क्यांवर होता, 29 जागांची तृणमूल 4.37 वर. दोघांनाही यादीतून काहीच मिळाले नसते. अट राज्यनिहायच हवी.

संविधान सभेत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देण्याची, सूचना आली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी दोन हरकती घेतल्या होत्या : साक्षरता आणि सरकारची स्थिरता. 1951 मध्ये साक्षरता 18 टक्क्यांच्या आसपास होती, तो काळ मागे पडला. स्थिरतेची काळजी मला आजही खरी वाटते. तरी आघाडीची सरकारे पूर्ण मुदत चालवलेली आपण पाहिली आहेत.

तुमची मुख्य तक्रार आपल्या मतदारसंघात मते फुटण्याची असेल, तर पसंतिक्रमाची मागणी करा, ती अगदी रास्त आहे. मी दोन मतांच्या बाजूने हात वर करणार आहे. पण राज्यनिहाय अटीचे वाक्य मसुद्यात येईपर्यंत सही करणार नाही.